नाकपुडीपासून पेशीपर्यंत

माणसाच्या शरीरात अन्नाचा साठा काही आठवडे पुरतो, पाण्याचा काही दिवस. ऑक्सिजनचा साठा मात्र जवळजवळ नाहीच. फुप्फुसांत भरलेली हवा, रक्त आणि स्नायू यांतला सगळा ऑक्सिजन एकत्र केला तरी तो दीड लिटरच्या आसपास भरतो, आणि नुसते स्वस्थ पडलेले शरीर मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन खर्च करते. पुरवठा तुटला की हाती काही मिनिटे राहतात. मेंदूला तर तेवढीही नाहीत. श्वास आणि नाडी जन्मभर का थांबू शकत नाहीत, याचे उत्तर या टंचाईत आहे. हृदय आणि फुप्फुसे यांच्या रचनेतल्या बहुतेक गोष्टी, अगदी रक्ताच्या लाल रंगापर्यंत, या टंचाईवर निघालेले उपाय आहेत.

शाळेत आपण श्वसनसंस्था एका धड्यात शिकतो आणि रक्ताभिसरण संस्था दुसऱ्या. पुढे रुग्णालयातही हीच वाटणी दिसते. दम लागला की छातीचे डॉक्टर, धडधड झाली की हार्टचे डॉक्टर. शिकवायला आणि इलाज करायला ही वाटणी सोयीची आहे, पण शरीरात तशी सीमारेषा कुठेही आखलेली नाही. उजवी जवनिका जेवढे रक्त बाहेर टाकते तेवढे सगळे फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतून आलेल्या रक्ताशिवाय डाव्या जवनिकेकडे पुढे पाठवायला काही नसते. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे : श्वसन आणि अभिसरण या दोन संस्था नाहीत, हवेतल्या ऑक्सिजनला पेशीपर्यंत पोचवणारी आणि तिथला कार्बन डायऑक्साइड परत आणणारी ती एकच वाट आहे. तशी ती पाहिली, तर एरवी घोकावे लागणारे बरेचसे आपोआप समजते.

या वाटेचे चार टप्पे आहेत. श्वासपटल आणि बरगड्यांचे स्नायू हवा आत ओढतात. वायुकोशांच्या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो. हृदय ते रक्त शरीरभर ढकलते. शेवटी केशवाहिनीच्या भिंतीतून तो पेशीत शिरतो. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याला स्नायूंचे बळ लागते. दुसरा आणि चौथा टप्पा विसरणाचा आहे : जिथे रेणू जास्त आहेत तिथून कमी आहेत तिकडे ते आपोआप पसरतात. विसरणाला बळ लागत नाही, पण अंतर फार कमी असावे लागते, कारण अंतर दहापट झाले तर लागणारा वेळ शंभरपट होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जे काम क्षणात उरकते, तेच काही सेंटिमीटरवर करायचे तर कित्येक तास आणि दिवस जातील. म्हणून एखादा सूक्ष्मजीव हृदयाशिवाय जगू शकतो आणि आपण जगू शकत नाही. म्हणूनच आपल्या फुप्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात, त्यांचा पृष्ठभाग पसरला तर ७० चौरस मीटरच्या वर जातो आणि हवा व रक्त यांमधली भिंत मायक्रॉनच्या अर्ध्याइतकीच जाड असते. एवढ्या विस्तीर्ण पडद्यावर कोणत्याही क्षणी पसरलेले रक्त शंभर मिलिलिटरहूनही कमी असते.

तांबडी पेशी या पडद्यापाशी साधारण पाऊण सेकंद थांबते. ऑक्सिजनने भरून निघायला तिला पाव सेकंदच पुरतो. उरलेला अर्धा सेकंद ही आपली शिल्लक. धावताना रक्त वेगाने वाहते, तेव्हा ही शिल्लक कामी येते. एखाद्या आजारात पडदा जाड झाला की हीच शिल्लक आधी संपते. मग माणूस बसल्याजागी ठणठणीत असतो आणि जिना चढताना त्याला धाप लागते. अशा रुग्णाला 'वय झाले' म्हणून परत पाठवण्याआधी डॉक्टरने आणि घरच्यांनीही हा अर्धा सेकंद आठवायला हवा.

रक्ताचा हिशेब तर याहून विलक्षण आहे. ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळत नाही. एक लिटर रक्तात नुसता विरघळून जेमतेम ३ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. एवढ्यावर भागवायचे तर हृदयाला स्वस्थ बसलेल्या माणसासाठीही मिनिटाला ऐंशी लिटरहून जास्त रक्त फेकावे लागेल. प्रत्यक्षात ते मिनिटाला सुमारे ५ लिटर फेकते आणि भागते, कारण हिमोग्लोबिनमुळे त्याच एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. हिमोग्लोबिनचा खरा गुण मात्र सोडण्यात आहे. फुप्फुसांत ते ऑक्सिजन पकडून ठेवते आणि राबणाऱ्या स्नायूपाशी, जिथे कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता वाढलेली असते, तिथे पकड सैल करते. जिथे गरज जास्त तिथे आपोआप जास्त पुरवठा. हा हुकूम कोणत्याही मज्जातंतूने दिलेला नसतो, तो एका रेणूच्या घडणीतच आहे.

हे सगळे माणसाला कळायला फार काळ लागला, आणि तो का लागला हे समजून घेणेही या विषयाचाच भाग आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलनने रोममध्ये जी मांडणी केली ती युरोप आणि अरब जगात तेराशे-चौदाशे वर्षे टिकली. त्याच्या मते रक्त यकृतात अन्नापासून तयार होते, शिरांतून अवयवांकडे जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरते तसे तिथेच जिरून जाते. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपते आणि हवेतल्या प्राणतत्त्वाशी मिसळते. गेलनला अडाणी समजू नये. धमन्यांत हवा नसून रक्त असते हे त्यानेच प्रयोगाने दाखवले होते. चूक निरीक्षणाची नव्हती. रक्त किती, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

छिद्रांवर पहिला स्पष्ट आक्षेप तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल्-नफीसने घेतला. पडदा भरीव आहे, तेव्हा रक्ताला फुप्फुसांतूनच डावीकडे यावे लागते, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेला पडेपर्यंत जगाने त्याची दखल घेतली नव्हती. सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि पादुआचा रेआल्दो कोलंबो यांनी हीच गोष्ट मांडली. सर्व्हेटसला त्याच्या धर्ममतांसाठी १५५३ मध्ये जिनिव्हात जाळण्यात आले. पादुआतच फाब्रिसियसने शिरांतल्या झडपांचे बारकाईने वर्णन केले, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला उमगले नाही. ते उमगले त्याच्या विद्यार्थ्याला.

विल्यम हार्वेचे पुस्तक १६२८ मध्ये फ्रँकफुर्टला छापले गेले. लहानसे, लॅटिनमधले, जाडसर निबंधाएवढे. त्याचे बळ एका गुणाकारात आहे. हृदय एका ठोक्याला कमीत कमी किती रक्त टाकत असेल ते धरा, अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणा. उत्तर सगळ्या शरीरातल्या रक्ताहून मोठे येते. एवढे रक्त अन्नातून दर अर्ध्या तासाला तयार होणे शक्य नाही. मग ते परत येत असले पाहिजे. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात हे त्याने दाखवले; हा प्रयोग वाचकाला आजही स्वतःच्या हातावर करून पाहता येईल. हार्वेला दोन गोष्टींचा पत्ता लागला नाही. धमन्यांतून रक्त शिरांत नेमके कसे जाते, हे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आणि रक्त फुप्फुसांत जाते तरी कशाला? हार्वेची समजूत अशी की ते थंड व्हायला जाते. १६६९ मध्ये रिचर्ड लोअरने दाखवले की फुप्फुसांत ताजी हवा असेल तरच काळपट रक्त लाल होते. अभिसरण आणि श्वसन यांची गाठ पहिल्यांदा पडली ती इथे, लंडनमधल्या त्या प्रयोगांत.

ती गाठ पक्की व्हायला मात्र रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. लव्हॉइझियेने अठराव्या शतकाच्या अखेरीस श्वसन म्हणजे मंद ज्वलन आहे असे सिद्ध केले. श्रम केले, थंडी वाजली, जेवण झाले की शरीर जास्त ऑक्सिजन घेते हेही मोजले. हे ज्वलन फुप्फुसांतच होते असे त्याला वाटे. १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. ज्वलन पेशींत होते, फुप्फुसे फक्त देवघेव करतात, हे एकोणिसाव्या शतकात कळले. १८३७ मध्ये माग्नुसने धमनीतल्या आणि शिरेतल्या रक्तातले वायू काढून मोजले, १८६४ मध्ये होप्पे-सायलरने रक्तातल्या लाल रंगद्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले. दुसरीकडे दाबाची मोजणी चालू होती. स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीत काचेची नळी बसवून रक्त आठ फुटांच्या वर चढते हे १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. रिवा-रोची (१८९६) आणि कोरोत्कॉफ (१९०५) यांच्यामुळे हीच मोजणी दंडाला पट्टा गुंडाळून, कातडीला धक्काही न लावता होऊ लागली. लेनेकने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली. आइंटहोवेनने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा विद्युत आलेख काढला.

या क्षेत्रातल्या विचारसरणींचे झगडे वाचायला मला फार आवडतात, कारण त्यांत माणसे पणाला लागलेली दिसतात. एक पक्ष यंत्रवाद्यांचा : शरीरातले सगळे दाब, नळ्या आणि विसरण यांनी समजते. दुसरा पक्ष म्हणे, जिवंत ऊतीला स्वतःची म्हणून एक शक्ती आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाद एका नेमक्या प्रश्नावर येऊन ठेपला. फुप्फुस ऑक्सिजन नुसता झिरपू देते, की ग्रंथीप्रमाणे तो ओढून रक्तात टाकते? कोपनहेगनचा क्रिस्तियान बोर आणि ऑक्सफर्डचा जॉन स्कॉट हाल्डेन हे दोघे मातब्बर दुसऱ्या मताचे होते. बोरच्याच प्रयोगशाळेत तयार झालेला ऑगस्ट क्रोह आणि त्याची पत्नी मारी यांनी १९१० च्या सुमारास अत्यंत बारीक मोजणी करून गुरूविरुद्ध निकाल दिला : विसरण पुरते, दुसरे काही लागत नाही. हाल्डेनला ते पटले नाही. उंचावर, जिथे ऑक्सिजन विरळ असतो, तिथे तरी फुप्फुस तो ओढून घेत असेल, म्हणून १९११ मध्ये तो साथीदारांसह कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर जाऊन राहिला.

त्या मोहिमेतल्या मेबल फिट्झजेराल्डला शिखरावरच्या पुरुषांच्या मुक्कामात जागा नव्हती. ती एकटी कोलोरॅडोतल्या खाणींच्या गावांतून फिरली आणि वेगवेगळ्या उंचीवर राहणाऱ्या माणसांच्या श्वासाचे नमुने घेत गेली. तिची मापे शिखरावरच्या निष्कर्षांपेक्षा जास्त टिकाऊ ठरली. ऑक्सफर्डने तिला मानद पदवी दिली ती १९७२ मध्ये, तिच्या वयाच्या शंभराव्या वर्षी.

वाद मिटवायला केंब्रिजचा जोसेफ बारक्रॉफ्ट १९२० मध्ये काचेच्या बंद खोलीत सहा दिवस राहिला. आतला ऑक्सिजन कमी कमी करत नेला गेला आणि अखेरीस त्याच्या मनगटाची धमनी उघडून रक्त घेतले गेले. ते काळपट होते. फुप्फुस काही ओढून घेत नव्हते. हाल्डेनने आपले मत तरीही सोडले नाही. पण त्याच हाल्डेनने प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर १९०५ मध्ये जे शोधले होते ते आजही पाठ्यपुस्तकांचा पाया आहे : श्वासाचा वेग एरवी ऑक्सिजन ठरवत नाही, कार्बन डायऑक्साइड ठरवतो. वायुकोशांतल्या हवेत त्याचे प्रमाण ०.२ टक्क्याने वाढले की श्वसन दुप्पट होते. ऑक्सिजन बराच खाली जातो तेव्हाच मानेतल्या धमनीजवळचे पहारेकरी ओरडू लागतात. त्यांच्या शोधासाठी बेल्जियमच्या हेमन्सला १९३८ चे नोबेल मिळाले.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून खाटेपर्यंत कसे आले, याचे १९५२ च्या कोपनहेगनइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. पोलिओच्या साथीत रुग्णांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडत होते. रक्तात वाढलेला बायकार्बोनेट हे अल्कलीचे लक्षण मानून डॉक्टर कोड्यात पडले होते. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले की हे साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे लक्षण आहे, रुग्णांना हवाच पुरेशी मिळत नाही. त्याने श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास द्यायला सुरुवात केली. यंत्रे पुरेशी नव्हती, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गिबनच्या यंत्राने शस्त्रक्रियेपुरते हृदय आणि फुप्फुस या दोघांचेही काम केले. दोन्ही कामे एकाच यंत्राने करावी लागली, हे इथे नोंदवण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या परंपरेविषयी मोकळेपणाने बोलायला हवे. सुश्रुतसंहितेत सातशे शिरांची गणना आहे आणि त्यांचे मूळ नाभीत सांगितले आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे व्यवस्थित वर्णन मिळते. प्राणवायू नाभीपासून हृदयाला स्पर्श करत कंठावाटे बाहेर जातो, आकाशातले अमृत पिऊन परततो आणि सगळ्या देहाला चेतवतो, ही सुंदर कल्पनाही तिथलीच. बाहेरचे काहीतरी श्वासातून आत येते आणि देहभर पोचते ही जाण त्यात नक्की आहे. रक्त फिरून परत येते याचा पुरावा मात्र त्यात नाही, आणि तो आहे असा दावा केल्याने त्या ग्रंथांचा मान वाढत नाही. मला जवळचा वाटतो तो स्वामी कुवलयानंदांचा मार्ग. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले, क्ष-किरण आणि दाबमापकांखाली तपासले, प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेते याची मोजणी केली. श्रद्धा आणि मोजपट्टी एकत्र नांदू शकतात हे त्यांनी दाखवले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले, केपटाउनच्या पहिल्या रोपणानंतर तीन महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला; पण इथल्या डॉक्टरांची तयारी कुठवर पोचली होती हे त्यावरून कळते.

आता हे पुस्तक आजच का, याविषयी.

कोविडच्या साथीत महाराष्ट्रातल्या लाखो घरांत एक छोटे यंत्र आले. आजीच्या बोटाला ते लावून घरातले सगळे आकड्याकडे डोळे लावून बसत. ९७ म्हणजे सुटका, ९३ म्हणजे खाटेची शोधाशोध. ऑक्सिजन हा शब्द तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होता. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, तेव्हा त्याचा अर्थ साऱ्या राज्याला कळला. पण त्या आकड्याचा अर्थ फार थोड्यांना कुणी समजावून सांगितला. पल्स ऑक्सिमीटर, ज्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागीने १९७४ मध्ये मांडले, हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे तेवढेच सांगतो. हिमोग्लोबिनची भरण इंग्रजी एस अक्षराच्या वळणाने होते. वरच्या भागात वळण जवळजवळ आडवे असते, म्हणून रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला तरी आकडा ९० च्या आसपासच रेंगाळतो. तिथून पुढे मात्र उतार तीव्र आहे. नव्वदीच्या घरात दिसणारी चार-पाच अंकांची घट का गंभीर धरायची, ते या वळणातून समजते. काही रुग्ण ८० ला असूनही हसत-बोलत फोन पाहत होते, त्याचेही उत्तर वर येऊन गेले आहे : गुदमरल्याची भावना प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड देतो, आणि तो त्यांच्या शाबूत भागांतून बाहेर पडत होता.

हे यंत्र काय सांगत नाही, ते त्याहून महत्त्वाचे. आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १४ ऐवजी ७ असलेल्या बाईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा, तो ९८ दाखवेल. फुप्फुसे निरोगी, हृदय निरोगी, आकडा उत्तम, आणि रक्तात ऑक्सिजन निम्माच. तिचे हृदय जास्त ठोके देऊन ही तूट भरून काढत असते. पाण्याची कळशी उचलली की तिला दम लागतो आणि घरचे त्याला आळस म्हणतात. थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या मुंबई-पुण्यात येतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्याला वास नसतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आणि कधी विडीला हात न लावलेल्या बायकांच्या श्वासनलिका आकसलेल्या सापडतात. पुढे ऑक्सिजन कमी पडून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उजवे हृदय थकते. रोग धुराने फुप्फुसात सुरू झाला आणि पायावरच्या सुजेत दिसला. लडाखला विमानाने उतरून लगेच धावपळ करणाऱ्या तरुण पर्यटकाच्या फुप्फुसांत पाणी भरते तेही याच आवळण्यामुळे. या सगळ्या उदाहरणांत श्वसन कुठे संपते आणि अभिसरण कुठे सुरू होते, हे कुणी दाखवून द्यावे.

गैरसमजही पुष्कळ आहेत, आणि ते शिकलेल्या घरांतही आहेत. दीर्घ श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन खूप वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेले असते. भरलेल्यात आणखी काय भरणार? उलट जोरजोराने श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. विहिरीत सूर मारण्याआधी मुले भराभर श्वास घेतात, तेव्हा ती ऑक्सिजन वाढवत नसतात. धोक्याची घंटा बंद करून पाण्याखाली जात असतात. सावकाश श्वसनाने मन आणि नाडी शांत होते हे खरे आहे, पण त्याचे कारण मज्जासंस्थेत शोधावे लागते. रक्तदाबाचेही तसेच. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हे प्वाझ्योयने एकोणिसाव्या शतकात मोजले. 'थोडासाच ब्लॉक आहे' किंवा 'मला काही त्रास होत नाही, मग गोळी कशाला' असे म्हणणाऱ्याने हा एक नियम समजून घेतला, तरी पुस्तकाचे मोल वसूल झाले असे मी मानेन.

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली. विद्यार्थ्यांना आकडे पाठ असतात, पण दोन आकडे एकमेकांशी गुणायचे धाडस नसते. म्हणून इथे हार्वेचीच रीत पत्करली आहे. ऑक्सिजनच्या मागोमाग नाकपुडीतून निघायचे, पेशीतल्या ज्वलनापर्यंत जायचे, आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर परत यायचे. वाटेत प्रत्येक ठिकाणी विचारायचे की किती, किती वेगाने, आणि कमी पडले तर काय. गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित कुठेही लागणार नाही. गर्भातल्या बाळाचे अभिसरण आणि जन्मानंतरचा पहिला श्वास यांना मुद्दाम जास्त पाने दिली आहेत, कारण काही मिनिटांत सगळी वाट बदलून टाकणारी दुसरी घटना आयुष्यात होत नाही. आहाराचे सल्ले, औषधांची नावे, घरगुती उपाय यांना मात्र जागा दिलेली नाही. ते काम रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरचे आहे. परिभाषेत शाळेच्या पुस्तकांतले शब्द जिथे रुळले आहेत तिथे तेच ठेवले, आणि जिथे लोक ऑक्सिजन, पंपिंग, ब्लॉक असेच म्हणतात तिथे तसेच राहू दिले.

वाचकाला एक विनंती आहे. कुणी अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय थांबलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्या क्षणी त्याच्या रक्तात अजून काही मिनिटांपुरता ऑक्सिजन असतो. तो मेंदूपर्यंत ढकलणारे बळ तेवढे नाहीसे झालेले असते. ते बळ दोन हातांनी देता येते : छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर सराव करूनच येते, आणि एका दुपारी शिकता येते. आपल्या गावातल्या किंवा शहरातल्या रुग्णालयात असे शिक्षण कधी असते याची चौकशी करा आणि घरातल्या दोघांनी तरी ते घ्या. पुस्तक त्यानंतर वाचले तरी चालेल.